मेकॅनिक आला होता का?

फिरकीला फिरकी हे नाव दोन कारणांनी चिकटलं होतं. एक तर ती कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करून फिरती ठेवायची. दुसरं म्हणजे समोर कोणीही असो, त्याची फिरकी घेतल्याशिवाय तिच्या घशाखाली पाणी उतरत नसे. खरं नाव कंपनीच्या ओळखपत्रावर छापलेलं होतं, पण ते ओळखपत्र गळ्यात कायम उलटं लटकायचं, त्यामुळे ते कोणी वाचलेलं नव्हतं.

हे उद्योग तिने लहानपणीच सुरू केले. घरातलं भिंतीवरचं घड्याळ एका दुपारी तिने उघडलं आणि अंधार पडायच्या आत परत जोडून टांगलं. जोडताना एक चाक उरलं. घड्याळ तरीही चालायचं, फक्त जरा घाईत असायचं, त्यामुळे पुढची काही वर्षं घरातले सगळे सगळीकडे वेळेआधी पोचत. वडिलांनी ते उरलेलं चाक तळहातावर घेऊन निरखलं आणि म्हणाले, "मुलगा असता तर हात सोन्याचे म्हटले असते. मुलगी आहे म्हणून नसते उद्योग म्हणायचं." वडील वाईट नव्हते. जे शब्द हाताशी होते तेच ते वापरत होते. पण फिरकीने ते वाक्य मनात धरून ठेवलं आणि मोठी झाल्यावर सरळ तांत्रिक शाळेत जाऊन बसली. वर्गात ती एकटीच मुलगी. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "बरं झालं, सगळ्यांच्या वह्या नीटनेटक्या लिहायला कोणीतरी आलं." फिरकीचं अक्षर इतकं भयानक होतं की आठवड्याच्या आत ते काम तिच्याकडून काढून घेण्यात आलं आणि तिच्या हातात पाना आला.

तेव्हा ही गरीब बिचारी मुलगी होती आणि जग तिच्यावर अन्याय करत होतं, अशी कल्पना कोणी करून घेऊ नये. अन्याय होत होता, ते खरं. गरीब बिचारी मात्र ती कधीच नव्हती. ती तोंडाळ होती, तापट होती, आणि आपल्या कामाबद्दल बोलायला लागली की ऐकणाऱ्याला जांभई देण्याचीसुद्धा चोरी असे. चुकाही करायची. एकदा तिने एका घरी पाण्याची नळी उलटी जोडली आणि त्या घरच्यांच्या पांढऱ्या चादरींना गंजाचा सुंदर केशरी रंग आला. त्यावर तिने माफी मागितली, पण मागताना रंग उठून दिसतो हेही सांगून टाकलं.

घरी सासूबाई होत्या. नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला जायचा आणि दुपारी येऊन स्वयंपाक करायचा, त्याबद्दल सासूबाईंची तक्रार नव्हती, कारण त्याच्या हाताला चव होती आणि फिरकीच्या हाताला ग्रीसचा वास. सुनेचा त्यांना अभिमानही होता. शेजारी त्या सांगायच्या, "आमची सून मशीनच्या कंपनीत आहे." फक्त ती तिथे नेमकं काय करते हे त्यांच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. एकदा घरचंच मशीन बंद पडलं. फिरकी पाठीवर झोपून त्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून पडलेली, तोंडात टॉर्च, आणि सासूबाई वाकून म्हणाल्या, "अगं, किती खटपट करतेस. मेकॅनिकला बोलावू का?"

फिरकीने तोंडातला टॉर्च काढला. "मी कोण आहे, आई?"

"तू घरची," सासूबाई म्हणाल्या. "मी मेकॅनिकचं विचारतेय."

फिरकीला तेव्हा हसू आलं. हाच विनोद पुढे तिची नोकरी खायला उठणार होता, याची तिला कल्पना नव्हती.

कंपनीचं दुरुस्ती केंद्र एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. पुढे काउंटर, त्यामागे ग्राहकांचे फोन सांभाळणाऱ्या फोनताईचं टेबल, एका काचेच्या खोपटात साहेब, आणि मागच्या मोठ्या खोलीत पोटं उघडी टाकून रांगेत पडलेली मशिनं. तिथे आणखी एक जुने मेकॅनिक होते. त्यांचा सगळा जन्म फ्रीज दुरुस्त करण्यात गेला होता, म्हणून त्यांना फ्रीजकाका म्हणत. त्यांना धुण्याच्या मशीनचा मनापासून तिटकारा होता. फ्रीज कसा शांत, एका जागी उभा असतो, असं ते म्हणायचे. फिरकीचं म्हणणं असं, की फ्रीजला आपण 'तो' म्हणतो हे बरोबरच आहे, दिवसभर कोपऱ्यात उभा राहून गुरगुरतो आणि सगळं आत घेतो. मशीनला 'ती' म्हणायचं की 'ते' यावर मात्र अजून लोकांचं एकमत नाही, कारण त्याच्याकडे पाहायला कोणाला वेळ कुठे आहे.

फिरकी इथे उमेदवारीवर लागली होती. उमेदवारी संपली की साहेब ठरवणार, कायम करायचं की नाही. तिला कायम व्हायचं होतं. अगदी मनापासून व्हायचं होतं. रोज सकाळी खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून ती निघायची तेव्हा रस्ता तिच्या मालकीचा असल्यासारखी चालायची.

घराघरांतला अनुभव ठरलेला. दार उघडायचं, उघडणारा तिच्याकडे पाहायचा, मग तिच्या मागे पाहायचा, मग जिन्यात वाकून पाहायचा. "बरोबर कोणी नाही?" आत गेलं की घरातला एखादा पुरुष खुर्ची घेऊन शेजारी बसायचा आणि ज्याला आयुष्यात बाटलीचं झाकण उघडता आलेलं नाही असा माणूस तिला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगायचा. फिरकी त्याला टॉर्च धरायला द्यायची. "हलवू नका हं, फार नाजूक काम आहे," असं सांगायची आणि तो बिचारा श्वास रोखून तासभर टॉर्च धरून उभा राहायचा. या सगळ्याचं तिला काही वाटत नसे. मशीन सुरू होई, लोक चहा देत, ती हसत बाहेर पडे.

आणि एक दिवस साहेबांनी तिला काचेच्या खोपटात बोलावलं.

"तू कामावर जातेस कुठे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे घरांत तर जात नाहीस. फोनताई प्रत्येक घरी फोन करून विचारते. तुझ्या एकाही घरी मेकॅनिक आलेला नाही."

फिरकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच ती एका घरी मोरीच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून पंपात अडकलेला मोजा काढून आली होती, पँट अजून ओली होती. तिने पँट दाखवली. साहेब म्हणाले, पँट कुठेही ओली होऊ शकते.

आता इथे कंपनीचा नियम सांगायला हवा. दुरुस्ती झाली की फोनताईने ग्राहकाला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, मेकॅनिक आला होता का? उत्तर 'हो' आलं तर दुसरा, मशीन चालतं का? त्यालाही 'हो' म्हटलं की तक्रार बंद. पहिल्यालाच 'नाही' आलं तर दुसरा विचारायचाच नाही, कारण जो आलाच नाही त्याने दुरुस्त काय केलं असणार. कॉम्प्युटरवर बटणं दोनच, 'हो' आणि 'नाही'. प्रश्न मोठ्या ऑफिसातून आलेले, त्यातली मात्रा इकडची तिकडे करण्याचा अधिकार कोणाला नव्हता.

"लावा फोन," फिरकी म्हणाली. "माझ्यासमोर लावा. कालच्या आजींना लावा. दोन तास होते मी त्यांच्याकडे. त्यांच्या गुडघेदुखीची सगळी हकिकत मला पाठ आहे."

फोनताईने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"आजी, कंपनीतून बोलतेय. मेकॅनिक आला होता का?"

"नाही हो," आजी म्हणाल्या. "कोणी आला नाही."

साहेबांनी फिरकीकडे पाहिलं. फिरकीने फोनकडे पाहिलं.

"एक मुलगी तेवढी आली होती," आजी पुढे म्हणाल्या. "फार गोड पोर. तिने मशीन उघडलं, काहीतरी काढलं, काहीतरी घातलं, सुरू करून दिलं. पण मेकॅनिक काही आला नाही. मी वाट बघतेय. दुपारची झोपसुद्धा घेत नाही, म्हटलं तो यायचा आणि मी घोरत असायची."

"मशीन वापरताय ना, आजी?" फिरकीने विचारलं.

"छे गं. मेकॅनिकने बघितल्याशिवाय कशी वापरू? हातानेच धुतेय."

फोनताईने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. रोज कितीतरी घरांतून तिला हेच ऐकू येत होतं. "कोणी आला नाही, एक बाई येऊन गेल्या." फोनताईला वाटायचं, साबण विकणारी कोणी असेल.

फिरकी मागच्या खोलीत गेली आणि एका उघड्या मशीनच्या काठावर बसली. तिला वाईट वाटलं, आणि चांगलंच वाईट वाटलं. कोणी अपमान केला असता तर तिने तिथल्या तिथे परत केला असता, त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण इथे लोक तिचं कौतुक करत होते, तिला गोड म्हणत होते, आणि तरीही ती आलेलीच नव्हती. दोन तास एखाद्याच्या मोरीत राबून माणूस न आल्याचं निघत असेल तर भांडायचं तरी कोणाशी?

साहेब दुष्ट नव्हते. त्यांना तोडगे काढायची हौस होती, आणि ती दुष्टपणापेक्षा महाग पडते.

पहिला तोडगा असा की फिरकीने दारातच स्वच्छ शब्दांत सांगायचं, "मेकॅनिक आला आहे." म्हणजे ग्राहकाच्या डोक्यात वाक्य बसेल. दुसऱ्या दिवशी फिरकीने एका दारावरची बेल दाबली. एका गृहस्थांनी दार उघडलं.

"मेकॅनिक आला आहे," फिरकी म्हणाली.

"कुठे आहे?" गृहस्थांनी जिन्यात डोकावलं.

"इथेच आहे."

"गाडी लावतोय का?"

"मीच आहे."

"मग आला काय म्हणतेस? आली म्हण ना," गृहस्थ म्हणाले, "भाषा तरी नीट बोलावी माणसाने." संध्याकाळी फोनताईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, मेकॅनिक जिन्यापर्यंत आला होता म्हणतात, पण वर काही चढला नाही.

दुसरा तोडगा फोनताईने काढला. नियम जरासा वाकवून आपण बाईचंच विचारू, असं तिचं म्हणणं. पहिल्याच घरी फोन घरातल्या वहिनींनी उचलला. त्या आदल्या दिवशी माहेरी गेल्या होत्या आणि घरी यजमान एकटेच होते. फोनताईने गोड आवाजात विचारलं, "काल दुपारी तुमच्याकडे आमची बाई आली होती का?" मग वहिनी फोन न ठेवताच आत गेल्या, आणि पुढचं जे ऐकू आलं ते फोनताई पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना रंगवून सांगत असे. यजमान शेवटपर्यंत एकच सांगत होते, की ती मशीन बघायला आली होती, आणि ते जितकं सांगत तितकं प्रकरण चिघळत होतं. तो तोडगा तिथेच संपला.

तिसरा तोडगा साहेबांचा, आणि त्यांच्या मते नामी. फिरकीने जायचं, मशीन दुरुस्त करायचं. तिच्यामागोमाग फ्रीजकाकांनी जायचं आणि नुसतं यायचं. बाकी काही करायचं नाही. यायचं, उभं राहायचं, मशीनवर हात ठेवून "हं" म्हणायचं आणि निघायचं.

"म्हणजे मी क्रियापदासाठी जायचं?" काकांनी विचारलं.

"तसंच समजा," साहेब म्हणाले.

तोडगा बेफाम चालला. आजींकडे काका गेले, हं म्हणाले, आजींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या दुपारी पोटभर झोपल्या. घरोघरी मेकॅनिक आला. तक्रारी भराभर बंद झाल्या, आणि कॉम्प्युटरने त्या सगळ्या काकांच्या नावावर टाकल्या, कारण आला होता तो कोण, तर काका. फिरकी मोजे, केसांच्या पिना, नाणी, एकदा तर कवळीसुद्धा मशिनांच्या पोटातून उपसत होती आणि काका तिच्यामागून येऊन चहा पीत होते. मोठ्या ऑफिसातून काकांना शाबासकी आली. धुण्याच्या मशिनातले तज्ज्ञ, असं त्यात म्हटलं होतं. काकांनी ती घडी करून खिशात ठेवली. त्यांना लाज वाटत होती, आणि शिवाय इतक्या चहाने पोटात जळजळत होतं. "पोरी, मला सोडव यातून," ते फिरकीला म्हणाले. "एवढा चहा मी माझ्या लग्नातही प्यायलो नव्हतो."

"तुमचं येणं थांबवा, मग माझं येणं सुरू होईल," फिरकी म्हणाली. ती साहेबांकडे गेली. उमेदवारी महिनाअखेरीला संपत होती.

"माझं काय?"

"तुझंच कठीण आहे," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, म्हणून ते पेपरवेट फिरवत होते. "ज्या मेकॅनिकच्या नावावर एकही बंद तक्रार नाही, त्याला मी कायम कसा करू?"

"तिला."

"तेच ते. महिनाअखेरपर्यंत तुझ्या नावावर एक तरी तक्रार बंद करून दाखव. एक. नाहीतर फोनवर बस. तुझा आवाज चांगला आहे, बायकांना फोनवर बरं पडतं."

म्हणजे उरलेलं आयुष्य फोनवर बसून, मेकॅनिक आला होता का, असं लोकांना विचारत काढायचं. फिरकीला पंपात अडकलेला मोजा आपल्यापेक्षा सुखी वाटला.

महिना संपत आला. काका आता मागोमाग जायला कंटाळले होते. ते आपल्या सोयीने जात, घराच्या वाटेवर जे पडेल ते आधी उरकत. यायचंच तर आहे, आधी काय आणि नंतर काय, असा त्यांचा हिशेब. अशातच आजींचा पुन्हा फोन आला.

"मशीन चालतं हो," आजी म्हणाल्या.

"छान," फोनताई म्हणाली. "मग तक्रार काय?"

"चालतं हीच तक्रार."

फोनताईला वाटलं, आजींना एकटं एकटं वाटत असेल. तरी तिने तक्रार लिहून घेतली. काका फिरकीच्या आधीच तिथे पोचले. मशीन बंद होतं आणि मोरीत एका कोपऱ्यात उभं होतं. आजी म्हणाल्या, हे चालतं. काका म्हणाले, चालायलाच पाहिजे, कंपनीचं आहे. मशीनवर हात ठेवून ते हं म्हणाले आणि चहा नको म्हणून निघाले. संध्याकाळी फोनताईने फोन केला.

"मेकॅनिक आला होता का?"

"आला होता, पण..."

"मशीन चालतं का?"

"चालतं ना. फार चालतं, परवा तर पार..."

"धन्यवाद, आजी." तक्रार बंद. फिरकीला निरोप मिळाला की आजींकडे जाऊ नकोस, काम झालंय.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. साहेबांनी फिरकीला फोनताईच्या शेजारी खुर्ची दिली होती, सवय व्हावी म्हणून. फिरकीने हत्यारांची पिशवी पायाशी ठेवली आणि कपाळावर आठ्या घालून कानाला फोन लावला. पहिलाच फोन आजींचा निघाला, आणि आवाज घुमत होता.

"मशीन चाललं," आजी म्हणाल्या.

फोनताईने हात झटकला. रोजचंच आहे, असा अर्थ. पण फिरकी ताठ बसली. मशिनाचा एक पाय ढिला झाला की पिळताना ते थरथरत थरथरत जागा सोडतं आणि खोलीभर फिरतं, हे तिने कितीदा पाहिलं होतं.

"कुठवर आलं चालत?" तिने विचारलं.

"दारापर्यंत. दाराला टेकून उभं आहे. वायर ताणली गेली आणि प्लग निघाला तेव्हा थांबलं. दार आत उघडतं, बाळा, आणि मी आत आहे. लक्ष ठेवायला म्हणून स्टूल टाकून बसले होते. बरं झालं फोन खिशात होता."

साहेब खोपटातून बाहेर आले. कंपनीच्या मशीनने एका म्हातारीला मोरीत कोंडून घातलंय, ही बातमी मोठ्या ऑफिसात कशी ऐकू जाईल ते त्यांना लख्ख दिसलं. "घाबरू नका, आजी," ते फोनवर ओरडले. "मेकॅनिक पाठवतो. काका, निघा."

"त्यांना नको," आजी म्हणाल्या. "ते परवा येऊन गेले. त्यांचं येऊन झालं. आता मशीन दुरुस्त करायचंय, त्या मुलीला पाठवा."

शेवटी तिघंही गेले. फिरकी पिशवी घेऊन पुढे, मागे साहेब, त्यांच्या मागे काका. आजींचं बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. मोरीचं दार मात्र बोटभर उघडून अडलं होतं आणि त्या फटीतून आजींचा एक डोळा दिसत होता. साहेबांनी दाराला खांदा लावला. दार हललं नाही. काकांनी मशिनाला उद्देशून हं म्हटलं, निव्वळ सवयीने. फिरकी फटीपाशी बसली.

"आजी, साबणाची पूड आहे आत?"

"डबाभर आहे."

"सगळी ओता. मशिनाच्या पायाशी. वर पाणी घाला. मग स्टूल दाराशेजारच्या भिंतीला टेकवून बसा आणि मी सांगेन तेव्हा दोन्ही पायांनी ढकला."

"माझे गुडघे, गं."

"तुमच्या गुडघ्यांबद्दल मला सगळं माहीत आहे. जमेल तेवढंच ढकला. हे दोघे आहेत बाहेरून." तिने साहेबांना आणि काकांना दाराला लावलं, एकाला वर आणि एकाला खाली. "मी 'आता' म्हणेपर्यंत जोर लावायचा नाही. साहेब, तुम्ही लावताय."

"नाही लावत," साहेब म्हणाले आणि त्यांनी जोर काढला.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. फेस फटीतून बाहेर येऊन साहेबांच्या बुटांत शिरला. फिरकी म्हणाली, आता. आजींनी आतून ढकललं, या दोघांनी बाहेरून, आणि मशीन फेसावरून सुर्रकन मागच्या भिंतीपर्यंत सरकलं. दार एकदम उघडलं. काका कडी धरून वाचले. साहेब दारामागोमाग आत गेले, बसल्या बसल्या फेसावरून पूर्ण मोरी घसरत गेले आणि मशिनाच्या शेजारी जाऊन थांबले. आजी स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि इतकं हसत होत्या की त्यांना श्वास घेता येईना. फिरकीने आधी आजींना उठवून बाहेर खुर्चीत बसवलं. साहेबांना कोणी उठवलं नाही, आणि फेसात पाय धरत नसल्याने त्यांना स्वतःहून उठताही येईना.

मग फिरकीने मशिनाखाली पाना घातला, ढिला पाय आवळला, चारही पाय एका पातळीत आणले, प्लग लावला आणि वर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून मशीन पिळायला लावलं. सगळे बघत राहिले. मशीन जोरात फिरलं, पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं, एक थेंब सांडला नाही. काकांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका धुण्याच्या मशीनला फ्रीजसारखं उभं राहिलेलं पाहिलं होतं.

तेवढ्यात आजींचा फोन वाजला. आजींनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. पलीकडे फोनताई होती, आणि काळजीने का होईना, तिने नियमातलंच वाक्य विचारलं.

"आजी, मेकॅनिक आला होता का?"

साहेब फेसातून खुणा करू लागले. हो म्हणा, हो म्हणा. आजींनी साहेबांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग फिरकीकडे पाहिलं, जी पँटला हात पुसत उभी होती.

"नाही," आजी म्हणाल्या. "आला नाही. इथे दोघं जण आलेत, पण ते असेच आलेत. मेकॅनिक आली. ती मुलगी मेकॅनिक आहे, हे मला मागच्या वेळीच कळायला हवं होतं. म्हातारी झाले म्हणून काय झालं."

फोनताई जराशी घुटमळली असावी. मग बटण दाबल्याचा आवाज आला. "'हो' दाबलंय मी," ती म्हणाली. "मशीन चालतं का?"

"नाही, आता मुळीच चालत नाही. एका जागी उभं आहे."

"'हो' लिही, बाई, 'हो' लिही," साहेब खालून म्हणाले.

"लिहिते. पण साहेब, नावापुढे काय टाकू? मेकॅनिक कोण आला होता?"

साहेबांनी कपाळावरचा फेस पुसला. बुटांतून पाणी गळत होतं.

"कोण आली होती, असं विचार," साहेब म्हणाले.